नराराची ओहोटी: बडोद्याच्या एका भटकंती गटाचं प्रकरण

कच्छच्या आखातात, नरारा इथे, ओहोटीच्या वेळी प्रवाळांमधून पायी फिरायला गेलेल्या आमच्या गटातल्या काही जणांना परतताना मांडीपर्यंत पाण्यातून यावं लागलं. कुणाच्या जिवावर बेतलं नाही. एका मुलाचा तळहात कापला, एक मोबाइल पाण्यात गेला, दोघी जणी घाबरून रडल्या, एवढ्यावर निभावलं. तरीही हे सगळं नीट लिहून ठेवावंसं वाटतं, कारण त्या सकाळी ज्यांची सगळ्यांना काळजी होती ती माणसं सर्वांत आधी आणि सुखरूप परतली. अडकले ते तरुण आणि धडधाकट, ज्यांच्याकडे लक्ष द्यायची गरज कुणालाच वाटली नव्हती. किनाऱ्यावर गट घेऊन जाणाऱ्यांनी हे असं का झालं ते समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

गट बडोद्यातल्या मराठी घरांचा. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, प्रतापनगर या जुन्या भागांतली मंडळी आणि आता वाघोडिया रोड, मांजलपूरकडे राहायला गेलेली त्यांची मुलं-सुना. हिवाळाभर रविवारी कुठे ना कुठे चालायला जायचं: पावागड, जांबुघोड्याचं जंगल, डभोईकडचं वढवाणा तळं. वढवाणा तर घरचंच. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० मध्ये, सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला आणि तिथे येणाऱ्या पक्ष्यांमुळे गटातल्या निम्म्या लोकांना दुर्बिणीचा नाद लागला.

समुद्राकडे जायची कल्पना गटातल्या एका निवृत्त प्राध्यापकांची. त्यांना आम्ही सर म्हणतो. द्वारका आणि ओखा हा ओखामंडळाचा मुलूख पूर्वी बडोदे संस्थानात होता. तिथल्या समुद्रात काय काय आहे याची पाहणी करायला दरबारानं १९०५-०६ मध्ये जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाला बोलावलं होतं आणि त्याचा अहवाल १९०९ पासून प्रसिद्ध झाला. सर म्हणायचे, 'आपल्या दरबारानं शंभर वर्षांपूर्वी जे शोधायला माणूस पाठवला, ते आपण एकदा तरी डोळ्यांनी बघायला नको का?' त्या एका वाक्यावर सव्वीस जण तयार झाले. सर्वांत लहान नऊ वर्षांचा मुलगा, सर्वांत मोठ्या एकाहत्तर वर्षांच्या आजी.

बेत दोन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी जामनगरजवळचं खिजडिया पक्षी अभयारण्य, दुसऱ्या दिवशी नरारा. नरारा हा कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. आपल्या देशातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान: १९८० मध्ये अभयारण्य झालं, १९८२ मध्ये त्यातल्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. बेचाळीस बेटं आणि त्यांच्याभोवतीची प्रवाळं, चेरची म्हणजे खारफुटीची वनं, चिखलाची मैदानं त्यात येतात. नराराला मोटार थेट पोचते. पाण्याखाली बुडी न मारता, नुसतं पायी चालून जिवंत प्रवाळ बघता येतं अशा जागा फार थोड्या आहेत. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक गाइड लागतोच, आणि चालता येतं ते फक्त ओहोटीत.

खिजडियाचा दिवस छान गेला. नवानगरच्या, म्हणजे आजच्या जामनगरच्या, जामसाहेबांनी १९२० मध्ये समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध घातला. तेव्हापासून बांधाच्या आतल्या अंगाला गोडं पाणी साठतं आणि बाहेरच्या अंगाला खाजण. एकाच बांधावरून चालताना डावीकडे बदकं आणि कमळपक्षी, उजवीकडे रोहित आणि चिखलपायडे. संध्याकाळी कुंज पक्ष्यांचे थवे आवाज करत उतरले, तेव्हा बांधावर कुणी बोलेना. २०२२ मध्ये हीसुद्धा रामसर जागा म्हणून जाहीर झाली. पण या प्रकरणाशी त्या दिवसाचा संबंध वेगळाच आहे. बांधावर उशीर झाला तरी काही बिघडत नाही. मागे राहिलेला मागून येतो, पुढे गेलेला थांबतो. पावागडावरही तसंच. आमच्या सगळ्या सवयी अशा जमिनीवर घडलेल्या होत्या, जिथे उशिराची किंमत फार तर अंधार पडणं एवढीच असते आणि भराभर चालणारा माणूस ती भरून काढू शकतो.

त्या रात्री जामनगरात लाखोटा तळ्याकाठी फिरणं झालं. बाला हनुमानाच्या देवळात १९६४ पासून अखंड रामधून चालू आहे, तिथे सगळे बराच वेळ बसले. बायकांनी बांधणीची दुकानं पाहिली. जेवायला साडेदहा वाजले. बसचा ड्रायव्हरही दिवसभर गाडी चालवून दमला होता. सकाळी साडेपाचला निघायचं ठरलं होतं, गाडी निघाली सात वाजायला दहा मिनिटं असताना. या उशिराला कुणी एक माणूस जबाबदार नव्हता. सव्वीस जणांचं आवरणं, एका खोलीत गरम पाणी नसणं, चहाची वाट बघणं, असं करत सव्वा तास निसटला.

त्या दिवशी पौर्णिमेनंतरची द्वितीया होती, म्हणजे उधाणाचे दिवस. नराराला सर्वांत खाली पाणी जाण्याची वेळ होती पावणेनऊ-नऊच्या दरम्यान. साडेपाचला निघून सात-सव्वासातला चालायला लागायचं, पाणी मागे सरकत जाईल तसं त्याच्या मागे मागे जायचं आणि पाणी वळायच्या आत आपण वळायचं, असा मूळ बेत बरोबर होता. सरांनी तो तिथल्या गाइडशी फोनवर बोलूनच ठरवला होता. प्रत्यक्षात आठ-दहाला पोचलो, नोंदणी, ओळखपत्रं, बूट बदलणं यात वेळ गेला आणि पहिलं पाऊल चिखलात पडलं तेव्हा आठ पस्तीस झाले होते. ओहोटी जवळजवळ संपलेली होती.

तिथल्या दोन गाइडपैकी मोठ्या गाइडनं सरांना बाजूला घेऊन सांगितलं की आज लांब जाता येणार नाही, पहिल्या पट्ट्यापर्यंत जाऊ, पाऊण तासात वळू. सरांनी मान्य केलं. ते जवळ उभ्या असलेल्या सात-आठ जणांनी ऐकलं. बाकीचे तोवर चेरच्या झाडांपुढे फोटो काढत होते. हा निरोप सगळ्यांपर्यंत पोचलाच नाही, आणि माझ्या मते पुढचं सगळं इथून सुरू झालं. बस उशिरा सुटली ती केव्हाच माफ करता येईल. बेत बदलला हे सव्वीसपैकी फक्त आठ जणांना माहीत असणं जास्त महागात पडलं.

किनाऱ्यापासून आत जाताना आधी चिखल आणि चेरची झाडं लागतात, मग वाळू-दगडांचं सपाट मैदान, मध्ये एक पसरट ओहळ आणि त्याच्या पलीकडे खरी प्रवाळं. ओहळात त्या वेळी घोट्याएवढं पाणी होतं. आजी माझ्या हाताला धरून ओलांडून गेल्या आणि म्हणाल्या, 'अगं, हे तर अंगणात पाणी साचतं तेवढंच.'

पलीकडे जे दिसलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, आणि लोक वळायला का तयार नव्हते तेही त्यातूनच कळेल. गाइडनं एका दगडाजवळ थांबवलं. दगडाच्या कडेला एक बीळ आणि बिळाच्या तोंडाशी शिंपल्यांच्या रिकाम्या टरफलांचा छोटा ढीग. तो म्हणाला, 'घर एनुं छे', हे त्याचं घर. नऊ वर्षांचा मुलगा गुडघ्यावर बसला. आधी काहीच दिसेना. मग दगडाचाच एक भाग हलला, त्याला डोळा फुटला, आणि दगडाच्या रंगाचा ऑक्टोपस एका दमात तांबूस होऊन पुन्हा राखाडी झाला. मुलानं श्वास रोखून धरला होता. खाऊन झाल्यावर टरफलं दाराबाहेर टाकायची सवय त्या प्राण्याला असते, आणि त्या कचऱ्यावरूनच त्याचं घर सापडतं. शेजारच्या डबक्यात समुद्रफुलाचे, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याचे, शेपट्यांसारखे बाहू हलत होते. प्रवाळाचे हिरवट-तपकिरी घुमट पाण्याच्या पातळीला डोकं टेकवून होते. हे सोडून कोण परत फिरेल?

गट आतापर्यंत तीन तुकड्यांत विभागला होता. पुढे मोठ्या गाइडबरोबर तरुण मंडळी आणि दोन-तीन फोटोवाले, मागे धाकट्या गाइडबरोबर आजी, मी, तो मुलगा, त्याची आई आणि गुडघेदुखीवाले काका-काकू. मध्ये सात-आठ जण, त्यांच्याबरोबर गाइड नाही. सर पुढे-मागे येरझाऱ्या घालत होते. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत होता. मागून मारलेली हाक पुढे जायची, पण पुढच्यांचं मागे ऐकू येत नव्हतं. शिट्टी कुणाकडेच नव्हती.

सव्वानऊला धाकट्या गाइडनं पायाजवळच्या एका रिकाम्या डबक्याकडे बोट दाखवलं. त्यात एक बारीक धार शिरत होती, तीही आपण आलो त्या बाजूनं. तो म्हणाला, 'पाणी पाछळथी आवे छे, बेन. हवे पाछा वळो.' म्हणजे पाणी मागून येतंय, आता परत फिरा. आम्ही वळलो. वाद घालायला कुणाला उत्साह नव्हता, आजींना तर घरी जायचंच होतं. ओहळ ओलांडला तेव्हा पाणी पोटरीच्या खालपर्यंत होतं.

मधली तुकडी एका फुगलेल्या केंडमाशाच्या मागे उजवीकडे गेली होती. आम्ही परत निघालेलो त्यांना दिसलो, पण 'म्हातारी माणसं दमली असतील' असा अर्थ त्यांनी लावला. हे एका वहिनींनी नंतर स्वतः सांगितलं. ते ओहळापाशी आले तेव्हा दहा वाजायला दहा मिनिटं होती आणि पाणी गुडघ्याला लागत होतं.

सर पुढच्यांना बोलवायला गेले. मोठा गाइड त्या तरुणांना आधीपासून वळा म्हणत होता, 'बस, पाचच मिनिटं' असं करत वीस मिनिटं गेली होती. ते ओहळाशी पोचले दहा वाजून दहा मिनिटांनी. पाणी मांडीला आलं होतं, गढूळ झालं होतं आणि त्याला ओढ होती. दोन्ही गाइड ओहळात एकमेकांचा हात धरून उभे राहिले आणि एकेकाला पलीकडे दिलं. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाचा पाय कालवं चिकटलेल्या दगडावरून घसरला. आधारासाठी त्यानं हात टेकला तो त्याच कालवांच्या धारेवर. मोबाइल गेला तो तेव्हाच. आम्ही किनाऱ्यावरून बघत होतो आणि त्या दहा मिनिटांत कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

आता पाण्याचा हिशोब. समुद्र समोरून भिंतीसारखा चालत येत नाही. प्रवाळांचं मैदान जवळजवळ सपाट असतं, पण त्याच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला, ओहळ आणि खोलगट जागा असतात. भरतीचं पाणी आधी त्या वाटांनी आत शिरतं. पुढे प्रवाळावर उभ्या असलेल्या माणसाला पायाखाली कोरडंच दिसतं, तेव्हा त्याची परतीची वाट भरायला लागलेली असते. धाकट्या गाइडनं डबक्यात दाखवलेली धार हीच.

आणि वेग. खलाशी लोक वापरतात तो बाराव्या भागांचा हिशोब इथे कामाला येतो. ओहोटी ते भरती हे साधारण सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. त्या भागात उधाणाच्या दिवशी चार-साडेचार मीटरचा फरक धरायला हरकत नाही. साडेचार धरू. पहिल्या तासात सुमारे सदतीस सेंटिमीटर. दुसऱ्या तासात आणखी पंचाहत्तर. म्हणजे घोट्याच्या पाण्याची मांडी व्हायला सव्वातास-दीडतास लागतो, पण मांडीची छाती व्हायला त्यानंतर पाऊण तास पुरतो. पुढची तुकडी अकरा वाजता ओहळाशी आली असती, तर नऊ वर्षांच्या मुलाच्या नाकातोंडाशी येईल एवढं पाणी तिथे असतं. पहिला तास फार हळू जातो, म्हणून माणूस गाफील राहतो. 'पाचच मिनिटं' म्हणणाऱ्याला खोटं बोलायचं नसतं, त्याला मागच्या पाच मिनिटांवरून पुढच्या पाच मिनिटांचा अंदाज येतो एवढंच.

हे सगळं बडोद्याच्या माणसाला नवं नाही. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ जंबुसर तालुक्यात, खंभातच्या आखाताच्या काठाशी. रोज दोनदा समुद्र पिंडीवर चढतो आणि उतरतो. तिथे जाताना आमच्या घरातली कुठलीही आजी आधी विचारते, आज तिथी कुठली, पाणी किती वाजता? खंभातच्या आखातात भावनगरकडे तर भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या वर जातो. जगातल्या मोठ्या फरकांच्या जागांत त्या भागाची गणना होते. कंबोईला आपण पाण्याच्या वेळेला जातो. नराराला आपण बसच्या वेळेला गेलो.

आणखी एक गोष्ट, जी मला तळहाताच्या जखमेपेक्षा जास्त लागली. जाताना प्रत्येक जण पाऊल वाळूवर पडेल असं बघत होता. प्रवाळ जिवंत आहे, पाय दिला तर मोडतं आणि वर्षानुवर्षं भरून येत नाही, हे गाइडनं पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं. दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. परतताना पाणी गढूळ, तळ दिसेना आणि जीव मुठीत. पुढची तुकडी कशावर पाय देत आली ते कुणालाच सांगता येत नाही. उशीर झाला की माणसाचंच नुकसान होतं असं नाही. जे बघायला आलो, ते आपल्याच पायाखाली जातं.

बडोद्याला परतल्यावर दांडिया बाजारात एका सदस्याच्या घरी बैठक झाली. पोहे, चहा आणि तीन तास वाद. एका काकांचं म्हणणं पडलं की यापुढे पासष्टच्या वरच्या आणि बारा वर्षांखालच्या कुणाला न्यायचं नाही. मी याला कडाडून विरोध केला, आजही करते. त्या दिवशी सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान माणूस सर्वांत आधी किनाऱ्याला लागलं. हळू चालणाऱ्याला स्वतःची मर्यादा माहीत असते, आणि इतर त्याच्याकडे लक्ष ठेवून असतात. ज्याला वाटतं की आपण धावत जाऊन गाठू, त्याला समुद्र फसवतो, कारण ओहळ भरला की धावता येत नाही. वयाची अट घालून गट धोक्याची माणसं वगळत नाही, उलट तीच तेवढी ठेवतो.

तरुणांचं म्हणणं, गाइडनं कडक असायला हवं होतं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. गाइड आपण ठरवलेला असतो, त्याचे पैसे आपण देतो, आणि शहरातून आलेल्या पंधरा जणांवर ओरडणं त्याला सोपं नसतं. तो दोनदा सांगेल, तिसऱ्यांदा हसून गप्प बसेल. त्याच्या शब्दाला वजन द्यायचं काम गटाचं, आणि ते आदल्या रात्री करायचं असतं.

त्यातून जे ठरलं ते असं. वेळापत्रक ओहोटीपासून उलटं मोजायचं: किमान दीड तास आधी पहिलं पाऊल, आणि पाणी सर्वांत खाली जायच्या आत परतीचं पाऊल. अर्धा तासाहून जास्त उशीर झाला तर ओहळ ओलांडायचाच नाही, अलीकडच्या मैदानात आणि चेरमध्ये फिरायचं. सर्वांत शेवटी चालणारा गाइड वळला की सगळे वळले, पुढचा गाइड काही म्हणो. त्याच्याजवळ शिट्टी. एका गाइडमागे दहाच जण. नराराचा दिवस आधी, खिजडियाचा नंतर, म्हणजे आदल्या दिवसाचा थकवा किनाऱ्यावर येणार नाही. शेवटच्या गाइडला वळवण्याचा अधिकार देण्यावर सर्वांत जास्त वाद झाला. फोटो काढणाऱ्यांना ते मुळीच पटलं नाही, दोघांनी गट सोडला.

पुढच्या हिवाळ्यात एकोणीस जण पुन्हा गेले. देहरादूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाचं वार्षिक भरती-ओहोटीचं कोष्टक सरांनी आधीच पाहिलं होतं, त्यावरून तारीख ठरवली आणि मग नराराच्या गाइडला विचारून वेळ पक्की केली, कारण आखातात जसजसं आत जावं तसतशी भरतीची वेळ पुढे सरकते. पहाटे चारला उठावं लागलं, थंडी मरणाची होती आणि आरंभीचा अर्धा तास टॉर्चच्या उजेडात चिखल तुडवण्यात गेला. शिट्टी वाजली तेव्हा पुढच्यांच्या समोर प्रवाळांचा सर्वांत चांगला पट्टा जेमतेम आला होता. नाराजी झाली, पण सगळे वळले. ओहळात घोट्याएवढंच पाणी होतं. ज्याचा हात कापला होता, तो मुलगा या वेळी शेवटच्या गाइडबरोबर चालला, शिट्टी त्याच्या गळ्यात होती.

आता गटात पिरोटनची चर्चा आहे. जामनगरजवळचं ते बेट, परवानगी मिळाली तरच जायचं. तिथे होडी भरतीच्या पाण्यावर जाते आणि पुढच्या भरतीला परत आणते, मधला सगळा वेळ माणूस बेटावर. म्हणजे मध्येच वळायचं ठरवलं तरी वळता येणार नाही. जो काही निर्णय घ्यायचा तो होडीत बसण्याआधी. सरांचं म्हणणं जावं. आजी, आता बहात्तरच्या, म्हणतात की त्या येणार, पण रात्री बेटावर राहायची वेळ आली तर गोळ्या आणि पाणी कुणाच्या पिशवीत असेल ते आधी ठरवा. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच आहे.